खेळणे कोणाचे, पिंजरा कोणाचा?

१९६१ साली केलर आणि मॅरियन ब्रेलंड या अमेरिकन दांपत्याने मानसशास्त्राच्या एका नामांकित नियतकालिकात आपल्या अपयशाचा प्रांजळ कबुलीजबाब प्रसिद्ध केला. वर्तनवादाचे आचार्य बी. एफ. स्किनर यांचे हे दोघे विद्यार्थी. जनावरांना शिकवून त्यांच्याकडून करमणुकीचे प्रयोग करवून घेण्याचा धंदा त्यांनी १९४३ पासून मांडला होता आणि तोवर ३८ जातींची सहा हजारांवर जनावरे त्यांच्या हाताखालून गेली होती. त्यांच्या अनेक खेळांपैकी एक असा होता : डुकराने लाकडाचे मोठे नाणे तोंडात धरायचे, काही फुटांवर ठेवलेल्या गल्ल्यापर्यंत न्यायचे आणि आत टाकायचे. चार-पाच नाणी टाकली की खाऊ मिळायचा. बचतीचा महिमा जनावराकरवी सांगण्याचाच हा प्रकार होता.

आरंभी डुकराने हे काम मोठ्या तत्परतेने केले. काही आठवड्यांनी मात्र त्याची चाल मंदावली. वाटेतच ते नाणे खाली टाकी, नाकाने उकरी, पुन्हा उचली, हवेत भिरकावी आणि पुन्हा उकरीत बसे. शिक्षकांना वाटले, याला पुरेशी भूक लागलेली नाही; म्हणून त्यांनी त्याला अधिक उपाशी ठेवले. तरी खोड वाढतच गेली. अखेरीस चार नाणी सहा फुटांवर पोचवायला त्याला दहा मिनिटे लागू लागली. दिवसाकाठी पोटापुरतेही अन्न कमावणे त्याला जमेना. परंतु उकरणे काही त्याने सोडले नाही.

डुकराने संप पुकारला, असे म्हणण्याचा मोह येथे कोणासही होईल. तो मोह आपण आवरू या. शास्त्राशी प्रतारणा नको. ब्रेलंड दांपत्याने काढलेला निष्कर्ष साधा होता : शिकवलेले वर्तन हळूहळू जनावराच्या उपजत वर्तनाकडे झुकत जाते. नाकाने माती उकरणे हा डुकराचा जन्मजात व्यवसाय आहे. नाणे म्हणजे काय, हे त्याला ठाऊक नव्हते. नाक कशासाठी आहे, हे ठाऊक होते. एवढे मान्य करूनही एक गोष्ट उरतेच. मालकाने त्या घटनेला ‘खेळ’ म्हटले तेव्हा ते डुकराचे काम होते, आणि मालकाने ज्याला ‘बिघाड’ म्हटले तोच त्या डुकराचा खेळ होता. या दोहोंमधील भेद ज्याला समजला, त्याला पुढील सर्व विवेचन समजले.

हा भेद आज नव्याने सांगण्याची गरज का पडावी? जनावरांसाठी खेळ आणि खेळण्याची यंत्रे रचणे ही आता जत्रेतील गारुड्याची बाब राहिलेली नाही. ती एक विद्याशाखा झाली आहे. तिच्या परिषदा भरतात, तिला अनुदाने मिळतात. २०११ साली ब्रिटनमधील मुक्त विद्यापीठाच्या क्लारा मॅन्सिनी यांनी या शाखेचा एक जाहीरनामा लिहिला. जनावर हे यंत्राचे साधन नसून यंत्राचा वापर करणारा जीव आहे. यंत्राने त्याचे हित पाहावे आणि प्रयोगातून बाहेर पडण्याची मुभा त्याला असावी, असा त्याचा आशय होता. या क्षेत्रात प्रामाणिक माणसे आहेत, हे प्रारंभीच नमूद केले पाहिजे. आमचा वाद त्यांच्या हेतूशी नाही. त्यांची यंत्रे ज्याच्या आवारात बसवली जातात, त्या मालकाच्या हेतूशी आहे. आणि त्या आवाराविषयी मौन पाळणाऱ्या संशोधकांशीही आहे.

हॉलंडचे उदाहरण घेऊ. २०११ च्या सुमारास युट्रेख्त येथील कलाशिक्षण संस्था आणि वाखेनिंगेन विद्यापीठ यांनी मिळून डुकरांसाठी एक खेळ रचला. वराहशाळेच्या भिंतीवर एक मोठा पडदा आणि दूर शहरात घरी बसलेल्या माणसाच्या हाती टॅब्लेट. माणसाने बोट फिरवले की पडद्यावर प्रकाशाचा गोळा फिरतो आणि डुकरे नाक लावून त्याचा पाठलाग करतात. माणूस आणि डुक्कर यांनी मिळून तो गोळा ठरलेल्या जागी नेला की पडद्यावर रंगांची आतषबाजी. या खेळाचा नमुना तयार झाला, त्याची चित्रफीत जगभर गाजली. बाजारात मात्र तो आला नाही. मांस खाणारा माणूस आणि मांस होणारे जनावर यांना क्षणभर समोरासमोर आणावे आणि त्यांच्यातील नात्याचा विचार करावयास लावावे, हा त्यातील तत्त्वचिंतकांचा उद्देश होता. उद्देश वाईट नव्हता. परंतु या खेळाची गरजच मुळात कोठून निर्माण झाली, हे पाहिले की चित्र पालटते.

युरोपीय संघाचा कायदा असे सांगतो की डुकराला उकरण्या-हाताळण्याजोगे साहित्य सदैव उपलब्ध असले पाहिजे. काड, सुके गवत, लाकूड, भुसा, अळिंब्यांचे खत, पीट, अशी यादीही त्याने दिली आहे. कायदा स्पष्ट आहे. मग अडचण कोणती? आधुनिक वराहशाळेची जमीन फटींच्या काँक्रीटची असते. मलमूत्र त्या फटींतून खाली वाहून जावे आणि झाडलोटीसाठी माणूस लागू नये, अशी ती रचना आहे. तेथे काड टाकले तर फटी तुंबतात आणि ते काढायला मजूर ठेवावा लागतो. म्हणजे डुकराचे काड हिरावले गेले ते कोणा क्रूरकर्म्याच्या लहरीने नव्हे, तर मजुरीच्या हिशेबाने. मग कायद्याची बूज राखण्यासाठी कोठे लोखंडी साखळी टांगली गेली, कोठे प्लास्टिकचा चेंडू. त्या चेंडूच्याच वंशातला हा प्रकाशाचा गोळा.

त्याच कायद्याचा आणखी एक आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. ८५ ते ११० किलो वजनाच्या डुकराला किमान जागा किती द्यावी? ०.६५ चौरस मीटर. म्हणजे सुमारे ७ चौरस फूट. आपल्या घरातला एक साधा पाट मांडून त्यापुढे ताट ठेवले की एवढी जागा व्यापते. त्या जागेत शंभर किलोचा एक हुशार, चौकस जीव वाढतो आणि सुमारे सहा महिन्यांचा होताच कापला जातो. कंटाळलेली डुकरे एकमेकांच्या शेपट्या चावतात. त्यावर उपाय म्हणून पिलांच्या शेपट्या छाटतात. ही छाटणी सरसकट करण्यास कायद्याची मनाई आहे आणि तरीही युरोपातील बहुतेक देशांत ती सर्रास चालते. शेपूट छाटणे, साखळी टांगणे आणि पडद्यावर गोळा फिरवणे या तीन वेगवेगळ्या गोष्टी नव्हेत. एकाच रोगावरील हे तीन उपाय आहेत, आणि तिन्ही उपायांचे वैशिष्ट्य असे की त्यांपैकी एकही रोगाला हात लावीत नाही.

येथे कोणी म्हणेल की एका नमुन्यावरून एवढा निष्कर्ष कशाला? तर दुसरे उदाहरण पाहा. २०१४ साली अमेरिकेतील आयोवा राज्य विद्यापीठातील कलावंत ऑस्टिन स्ट्युअर्ट यांनी कोंबड्यांसाठी आभासी जगाची एक योजना मांडली. पिंजऱ्यातील कोंबडीच्या डोळ्यांवर छोटे पडदे चढवायचे, पायांखाली फिरता पट्टा द्यायचा. मग पिंजऱ्यातच उभी असताना तिला मोकळ्या माळावर चरत असल्याचा भास होईल. ही योजना म्हणजे निव्वळ उपहास होता. माणूसही अशाच खुराड्यात राहू लागला आहे, हे त्यांना सुचवायचे होते. पाच वर्षांनी, नोव्हेंबर २०१९ मध्ये, मॉस्को प्रांताच्या कृषी मंत्रालयाने गंभीर मुद्रेने जाहीर केले की तेथील एका दूधकेंद्रात गाईंना असेच चष्मे बांधून उन्हाळी कुरणाचे दृश्य दाखवण्यात आले. गाईच्या दृष्टीला मानवेल अशी रंगसंगती साधली होती. तिची अस्वस्थता घटली आणि चित्तवृत्ती सुधारली, असे निवेदनात म्हटले होते. २०२२ साली तुर्कस्तानातून असेच वृत्त आले. तेथे तर दूध २२ लिटरवरून २७ लिटरवर गेल्याचा दावा करण्यात आला. कलावंताने थट्टा करावी आणि मंत्रालयाने तिची अंमलबजावणी करावी, यापेक्षा आमच्या काळाचे अधिक नेमके वर्णन कोणते?

या दोन्ही निवेदनांत एक प्रश्न कोणीही विचारला नाही. कुरण दाखवता येते, तर कुरणात सोडता का येत नाही? या प्रश्नाचे उत्तर गाईपाशी नाही, पशुवैद्यापाशीही नाही. ते जमिनीच्या भावात आणि दुधाच्या दरात आहे. म्हणूनच ते निवेदनात नव्हते.

मार्क्सने ‘भांडवल’च्या दुसऱ्या खंडात एका इंग्रज पशुपैदासकाराचा उल्लेख केला आहे. त्याचे नाव बेकवेल. पूर्वी इंग्लंडात मेंढरू कापण्यायोग्य होण्यास चार-पाच वर्षे लागत; बेकवेलच्या पद्धतीने ते वर्षाभरातच पुष्ट होऊ लागले. मार्क्सला त्यात स्वारस्य होते ते एवढ्यासाठी की भांडवलाच्या दृष्टीने जनावराचे आयुष्य म्हणजे अडकून पडलेला पैसा असतो. ते जितके आखूड, तितका पैसा लवकर मोकळा. आता खेळ म्हणजे काय, याचा या पार्श्वभूमीवर विचार करा. वासरू कारण नसताना उधळते, कोकरू बांधावरून उगाच उड्या मारते, कुत्र्याची पिले खोटेखोटे चावतात. खेळ म्हणजे ज्याचा जमाखर्च मांडता येत नाही असा वेळ. ज्या व्यवस्थेने जनावराच्या आयुष्यातील प्रत्येक दिवसाचा हिशेब मांडला, तिला असा वेळ परवडत नाही. म्हणून ती खेळ एकाच अटीवर मान्य करते : त्याने दूध वाढावे, वजन वाढावे, मरतूक घटावी, निदान गिऱ्हाइकाची टोचणी कमी व्हावी. त्या अटीवर मान्य झालेला खेळ हा खेळ उरत नाही. तो खुराकाचा एक प्रकार होतो.

पुढे जाऊन पाहा. २०२१ च्या आरंभी कॅन्डेस क्रोनी आणि सॅली बॉयसेन या संशोधिकांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. डुकरे नाकाने दांडी हलवून संगणकाच्या पडद्यावरील खूण लक्ष्यापर्यंत नेऊ शकतात, हे त्यांनी काही वर्षांपूर्वीच्या प्रयोगांवरून दाखवले. खाऊ देणारे यंत्र बंद पडले तेव्हाही ही डुकरे माणसाच्या शाबासकीवर खेळत राहिली. बुद्धीचा हा पुरावा मोलाचा आहे. आम्ही त्याचे स्वागतच करतो. परंतु त्या चार डुकरांपैकी दोघांची नावे काय होती? हॅम्लेट आणि ऑम्लेट. पहिल्या नावात डुकराच्या मांसाचे इंग्रजी नाव दडले आहे. दुसऱ्याचा अर्थ सांगण्याची गरज नाही. ही दोघे मांसासाठी पैदा केलेल्या जातीची होती. बारा आठवड्यांच्या शिक्षणानंतर त्यांची अंगे इतकी वाढली की उभे राहून खेळ पुरा करणे त्यांना जमेना, आणि त्यांना प्रयोगातून काढावे लागले. ज्या देहाला बेकवेलच्या वारसदारांनी सहा महिन्यांत कापण्यासाठी घडवले, तो देह खेळासाठी उभा राहू शकत नाही. एवढे एकच वाक्य त्या निबंधातून घ्यावे आणि त्यावर विचार करावा.

एप्रिल २०२१ मध्ये इलॉन मस्क यांच्या न्यूरालिंक कंपनीने नऊ वर्षांच्या एका माकडाची चित्रफीत जगाला दाखवली. माकडाचे नाव पेजर. त्याच्या मेंदूत दोन्ही बाजूंस विद्युत्-उपकरण बसवलेले. तोंडाशी नळी, नळीतून केळ्याचे पेय, आणि समोरच्या पडद्यावर चेंडू-फळीचा जुना संगणकीय खेळ, जो ते हात न हलवता, केवळ मेंदूतील संकेतांनी खेळत आहे. जग टाळ्या वाजवीत राहिले. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने कंपनीच्या कागदपत्रांच्या आधारे वृत्त दिले की २०१८ पासून या कंपनीच्या प्रयोगांत सुमारे १,५०० जनावरे मरण पावली. अर्धांगाने खिळलेल्या माणसाला पुन्हा व्यवहार करता यावा, हे ध्येय कोणीही तुच्छ मानू नये. त्यासाठी जनावरांवर प्रयोग करावे की नाही, किती करावे, हा स्वतंत्र आणि कठीण वाद आहे. तो उघडपणे व्हावा. आमचा आक्षेप वेगळा आहे. प्रयोगाला प्रयोग म्हणा. त्याला माकडाचा खेळ म्हणू नका. माकड मजेत खेळत आहे, असे दाखवले की प्रेक्षक हसतो, आणि हसणारा प्रेक्षक हिशेब विचारीत नाही. खेळ या शब्दाचा येथे नेमका तोच उपयोग आहे.

आता विरुद्ध बाजूचा सर्वांत बळकट युक्तिवाद घेऊ; कमकुवत युक्तिवाद खोडून वाद जिंकण्यात काही अर्थ नाही. तो युक्तिवाद असा : पिंजरे उद्या मोडणार नाहीत. आज त्यांत कोट्यवधी जीव आहेत. काहीच नसण्यापेक्षा एखादे खेळणे असलेले बरे नव्हे काय? अमेरिकेतील पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात हॅल मार्कोविट्झ यांनी १९७० नंतरच्या दशकात हाच विचार केला. सुन्न बसून राहणाऱ्या गिबन वानरांसाठी त्यांनी दिवे आणि दांड्या बसवल्या. दांडी ओढून झोके घेत पलीकडे जावे, दुसरी दांडी ओढावी आणि खाणे मिळवावे. एका मँड्रिल माकडासाठी तर प्रेक्षकांविरुद्ध चपळाईचा खेळ रचला आणि माकड वारंवार जिंके. ती जनावरे पूर्वीपेक्षा अधिक हिंडूफिरू लागली. हे खोटे म्हणता येणार नाही.

आम्ही हा युक्तिवाद नाकारीत नाही; त्याला मर्यादा घालतो. बंदिवानाला पुस्तक द्यावे, हे योग्यच. परंतु तुरुंगाधिकारी ते पुस्तक दाखवून म्हणू लागला की आता याला सुटकेची गरज उरली नाही, तर ते पुस्तक बंदिवानाच्या विरुद्ध पुरावा होते. खेळणे हे मुक्तीच्या दिशेचे पाऊल आहे की पिंजऱ्याचे समर्थन आहे, हे पारखण्यासाठी आम्ही तीन कसोट्या सुचवतो.

पहिली कसोटी सोडून जाण्याची. जनावराला तो खेळ नको असेल तर त्यापासून दूर जाता येते काय, आणि दूर गेल्यास त्याचे अन्न, पाणी, सोबती अबाधित राहतात काय? ब्रेलंडच्या डुकराला नाणे टाकण्यावाचून अन्न नव्हते. गाईला डोळ्यांवर बांधलेला चष्मा स्वतः काढता येत नाही. जे सोडता येत नाही ते खेळणे नव्हे; ती वेसण आहे.

दुसरी कसोटी मोबदल्याची. खेळणे देताना काय काढून घेतले? काडाच्या जागी पडदा, कुरणाच्या जागी चष्मा, कळपाच्या जागी आरसा दिला असेल, तर ती भर नव्हे. चोरीच्या मालावर टाकलेले पांघरूण आहे.

तिसरी कसोटी फळाची. त्या खेळातून जे निष्पन्न होते, मग ते दूध असो, वजन असो, मेंदूतील संकेतांची माहिती असो की मालकाची प्रतिष्ठा असो, ते कोणाच्या पदरात पडते? ते सर्वच मालकाच्या पदरात पडत असेल, तर त्या क्रियेला श्रम हे नाव आहे, आणि श्रमाला खेळ म्हणणे हा जुना कावा आहे.

या कसोट्या अव्यवहार्य नाहीत. गोठ्यात टांगलेला एक फिरता ब्रश घ्या. गाईने अंग टेकवले की तो फिरतो, ती बाजूला झाली की थांबतो. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली दाखवले की या ब्रशापर्यंत पोचण्यासाठी गाई जितका जड दरवाजा ढकलतात, जवळजवळ तितकाच त्या ताज्या वैरणीसाठी ढकलतात. अंग खाजवून घेण्याची ओढ वैरणीच्या ओढीइतकी! येथे गाय स्वतः येते, स्वतः जाते. तिच्यापासून काही हिरावलेले नसते. दूध वाढले तर मालकाचाही फायदा होवो; आमची हरकत नाही, कारण सुख आधी गाईचे आहे. आपल्याकडेही अनेक दूधउत्पादकांनी मुक्त संचार गोठा स्वीकारला आहे. दावे सोडले, कुंपण घातले, पाणी चोवीस तास ठेवले आणि कोठे खांबाला ब्रश बांधला. मॉस्कोच्या मंत्रालयाला जे चष्म्यातून साधायचे होते त्यातील बराच भाग येथे दाव्याची गाठ सोडून साधतो. यंत्राला आमचा विरोध नाही. गाठ तशीच ठेवून तिच्यावर यंत्र चढवण्याला आहे.

आमच्याच काही साथींना हा सारा प्रपंच चैनीचा वाटेल, याची जाणीव आहे. माणसांचे प्रश्न सुटलेले नाहीत आणि डुकराच्या खेळण्याची चिकित्सा कसली करता, असे ते विचारतील. त्यांना दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत.

पहिली अशी की ज्या कारखानदारीत जनावर ७ चौरस फुटांत उभे असते, तीतच माणूसही चिरडला जातो. जून २०२० मध्ये जर्मनीतील रेडा-वीडेनब्र्युक येथील ट्योनिस कंपनीच्या प्रचंड कत्तलखान्यात दीड हजारांहून अधिक कामगारांना कोरोनाची लागण झाली. त्यांतील बहुसंख्य रुमानिया, बल्गेरिया, पोलंड अशा देशांतून कंत्राटदारांमार्फत आणलेले, दाटीवाटीच्या खोल्यांत राहणारे. तो बभ्रा झाल्यावरच जर्मन सरकारने १ जानेवारी २०२१ पासून मांसउद्योगात कंत्राटी मजुरीला बंदी घातली. डुकराला काड नाही कारण काड झाडणाऱ्याची मजुरी वाचवायची आहे. कापणाऱ्याला खोली नाही कारण तेथेही मजुरीच वाचवायची आहे. हिशेबाची वही एकच आहे.

दुसरी गोष्ट अधिक निकडीची आहे. जनावरावर जे आधी वापरून पाहिले जाते ते माणसापर्यंत यायला वेळ लागत नाही. २०१९ साली ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने, म्हणजे अॅमेझॉनच्या संस्थापकाच्याच मालकीच्या वृत्तपत्राने, असे वृत्त दिले की अॅमेझॉनच्या काही गोदामांत कामगारांपुढे पडदे बसवून त्यांच्या कामाचेच खेळ करण्यात आले आहेत. वस्तू जितक्या वेगाने उचलाल तितकी पडद्यावरील मोटार वेगाने धावते, किल्ला उंच होतो, ड्रॅगन पुढे सरकतो. भाग घेणे ऐच्छिक आहे, असे कंपनीचे म्हणणे होते. ब्रेलंडच्या डुकराला निदान खाऊ मिळत असे. येथे पुष्कळदा पडद्यावरील गुण मिळतात. वरील तीन कसोट्या या पडद्याला लावून पाहा. खेळ सोडला तरी कामाचा वेग सोडता येतो काय? विश्रांतीच्या जागी काय दिले? फळ कोणाच्या पदरात? कसोटी जनावरासाठी घडवली होती, ती माणसाला जशीच्या तशी लागू पडते. यात जनावराचा अपमान नाही आणि माणसाचाही नाही. अपमान आहे तो दोघांना एकाच मापाने मोजणाऱ्या व्यवस्थेचा.

आपल्या देशात या प्रश्नाला तोंड फुटले आहे. २०१७ साली विधी आयोगाने आपल्या २६९ व्या अहवालात अंड्यांच्या आणि मांसाच्या कोंबड्यांच्या निवाऱ्याचा प्रश्न हाती घेतला; तारेच्या खुराड्यात पंखही न पसरू शकणाऱ्या कोंबडीची दखल एका शासकीय आयोगाने घ्यावी, ही लहान गोष्ट नव्हे. यापुढे असे होईल की पिंजऱ्याचा आकार वाढवा म्हटले की पिंजऱ्यात बसवायचे यंत्र पुढे केले जाईल. त्याला सुंदर नाव असेल, सोबत प्रशस्तिपत्र असेल, कदाचित शासकीय अनुदानही असेल. त्या वेळी आपल्या कार्यकर्त्यांनी, विशेषतः शेतकऱ्यांत आणि दूधउत्पादकांत वावरणाऱ्यांनी, यंत्राच्या चमकेला भुलू नये. आधी जागा विचारावी, मग माती, मग सोबत. आणि या तिन्ही मिळाल्यानंतर खुशाल खेळण्याची गोष्ट काढावी. जागा देण्यासाठी लागणारा पैसा लहान शेतकऱ्याच्या गळ्यात मारू नये. ज्यांच्या हाती दुधाचा, अंड्यांचा आणि मांसाचा बाजार आहे, त्यांनी तो भरावा, ही मागणीही त्याच दमात केली पाहिजे. तसे न केल्यास जनावराच्या नावाने गरिबालाच नाडले जाईल आणि बडा कारखानदार चष्मे बांधून मोकळा होईल.

पोळ्याच्या दिवशी बैलाच्या शिंगांना रंग लावावा, झूल घालावी, पुरणपोळी चारावी, यात वावगे काही नाही. परंतु दुसऱ्या दिवशी आर टोचताना काल झूल घातली होती, असे सांगणाऱ्या माणसाला आपण धनी म्हणत नाही. झूल ही जोखडाची भरपाई होऊ शकत नाही, एवढे शहाणपण आपल्या खेड्यातल्या माणसाजवळ परंपरेने आहे. ते आता प्रयोगशाळेच्या दारात सांगण्याची वेळ आली आहे.

शेवटी पुन्हा त्या डुकराकडेच येऊ. त्याला उपाशी ठेवले, तरी त्याने नाणे गल्ल्यात टाकण्याऐवजी जमिनीवर ठेवून उकरले. तेथे माती नव्हती, मुळे नव्हती, खाण्याजोगे काहीही नव्हते. तरीही ते उकरीत राहिले. त्याला काय हवे होते, हे याहून स्पष्ट शब्दांत कोणी सांगायचे? आपण त्याला आणखी चांगले नाणे बनवून द्यायचे, की पायांखालची जमीन, एवढाच निवाडा करावयाचा आहे.